एक एक दाता सोडवताना

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ब्रूम ते डर्बी 220 किलोमीटर, त्यातलं मला फक्त ऊन आठवतंय. पर्थमधली माझी मैत्रीण मर्डॉक विद्यापीठाच्या करवत माशाच्या (करवतीसारखं लांब, दोन्ही बाजूंनी दातेरी नाक असलेला मासा) कामात आहे, तिच्या ओळखीने फिट्झरॉय नदीवरच्या कॅम्पात दोन रात्री राहायला मिळालं. धूळ भयंकर, झोप जवळजवळ नाहीच. तरी उद्या बोलावलं तर उद्या निघेन.

रात्री नऊच्या सुमारास जाळ्याला हिसका बसला. न्यिकिना मंगला या तिथल्या मूळ रहिवाशांच्या रेंजर्सनी बोट जाळ्याला लावली, टॉर्च मारला तर मीटरभराचं पिल्लू, आणि करवतीचा दाता न दाता जाळ्यात गुंतलेला. मला वाटलं आता जाळं कापून मोकळे होतील. पण एकाने शेपटी धरली आणि दुसऱ्याने टोकाकडून एक एक फास मागे सरकवत काढायला सुरुवात केली, मासा सगळा वेळ पाण्यातच, कुणी घाई करत नाही, कुणी बोलत नाही, पलीकडे मगरीचे डोळे चमकतायत. मग लांबी घेतली, दोन्ही बाजूंचे दाते मोजले, पंखाला टॅग लावला आणि सोडलं. गेलं सुद्धा.

त्यातले वयस्कर रेंजर सांगत होते की त्यांच्या लहानपणी हा मासा निखाऱ्यावर भाजून खायचे. कोरड्या दिवसांत कुठल्या डोहात पाणी टिकतं हे त्यांना तोंडपाठ, आणि जाळं कुठे लावायचं ते विद्यापीठाची माणसं आधी त्यांनाच विचारतात. मला हे फार आवडलं.

ही पिल्लं जन्मतात खाली किंग साउंडच्या खाडीत, मग नदीने वर येऊन चार-पाच वर्षं वाढतात. वाटेत कॅम्बॅलिनचा बांध, पाणी कमी असलं की तिथेच अडकतात. मोठा पूर बरेच दिवस टिकला तरच त्या वर्षी पिल्लं भरपूर. 2018च्या डिसेंबरमध्ये आटत्या पाण्यात 40हून जास्त मेली, हे सांगताना मैत्रीण गप्पच झाली, आणि मलाही पुढे काही विचारवेना.

मालवणला मामाच्या पडवीत अशीच एक करवत खिळ्याला टांगलेली आहे. लहानपणी आम्ही तिने तलवार तलवार खेळायचो, तिच्यामागे एक आख्खा मासा होता हे कधी डोक्यातच आलं नाही. डर्बीहून मामाला फोन केला. तसा मासा शेवटचा कधी बघितला ते त्याला आठवेना. म्हटलं, मामा, दाते मोजशील का? तो लगेच स्टुलावर चढला, फोन कानाला तसाच. डावीकडे 19 म्हणाला, थांब, उजवीकडचे मोजतो.