ग्रँड सेंट्रलची कुजबुजणारी कमान

आज दिवसभर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमधली ती कमान डोक्यातून जात नाहीये. १९१३ चं स्टेशन. खाली ऑयस्टर बार या रेस्टॉरंटच्या दाराबाहेर ग्वास्ताव्हिनो पद्धतीच्या, म्हणजे थरांनी जोडलेल्या पातळ टाइल्सचं बसकं, घुमटासारखं छत आहे. कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोघांनी भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं. आवाज छताच्या वळणावरून सरकत थेट दुसऱ्याच्या कानाशी उतरतो. भिंतीकडे पाठ केली तर फसतं, कारण आवाज मोकळ्यात विरतो. गर्दीची वेळ टाळाच.

स्टेशनभर पायऱ्यांपेक्षा उतारांवर भर. सामानवाल्यांचा केवढा विचार! आणि लोकल गाड्या बोर्डावरच्या वेळेपेक्षा मुद्दाम एक मिनिट उशिरा सुटतात, धावत येणाऱ्याने संगमरवरावर घसरून पडू नये म्हणून.