तुम्ही विचारलंत म्हणून : एकच नाणं चार-चारदा कशाला?

घरी आलेलं कुणी माझा नाण्यांचा अल्बम चाळू लागलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर अडतंच. "अहो, ही सगळी एकच नाणी आहेत की! एक ठेवायचं, बाकीची कशाला?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. विचारता विचारता गेंड्याचं चित्र असलेल्या चार आण्यांवरचा पांढरा मळ नखाने उकरायला गेलात, आणि मी तुमचा हात धरला. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आमची पिठाची गिरणी होती. १९८० नंतरची आठ-दहा वर्षं, शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत गल्ल्यावर मी. पट्टा फिरायला लागला की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नसे, सगळा कारभार बोटांच्या खुणांवर. गोष्टीचं पुस्तक नेलं तर पानापानांत पीठ. मग हाताशी येईल ते वाचायची खोड लागली, आणि हाताशी यायची ती चिल्लर.

नाण्यावर वाचण्यासारखं पुष्कळ असतं. एका आजीबाईंनी चंचीतून काढून दिलेल्या दहा पैशांवर 'रुपये का दसवाँ भाग' असं लिहिलेलं होतं. मला गंमत वाटली. नाण्याने स्वतःचा हिशेब स्वतःच सांगायचा? पण १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे आले, तेव्हा लोकांना हे समजावणार कोण? ते काम नाण्यावर टाकलेलं. त्यावर पैशांना 'नये पैसे' म्हटलंय. ते 'नये' १९६४ च्या जूनमध्ये गळलं. आमची गिऱ्हाइकं मात्र तीस वर्षांनीही 'आठ आणे झाले का?' असंच विचारायची.

आप्पांची अट एकच होती: "हवं ते घे, पण तेवढेच पैसे गल्ल्यात टाक." खाऊचे पैसे असे परत आमच्याच गल्ल्यात जायचे. नाणं विकत घ्यायचं नाही, सुट्ट्या पैशांतून आलं तर आपलं, हा नियम मी त्यातूनच केला. तो अजून पाळते. हट्टीपणा आहे, मान्य.

आता तुमच्या 'एकच' नाण्यांकडे येऊ. भिंग घ्या आणि सालाच्या आकड्याखाली बघा. पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं. आकड्याखाली काहीच नसेल तर ते कोलकात्याचं. सगळ्यात जुन्या घरच्या माणसाने नाव सांगायची गरज नाही असा त्याचा तोरा. गोल ठिपका नोएडाचा. ती टांकसाळ १९८८ साली सुरू झाली, आणि गेंड्याचे चार आणेही त्याच सालचे. ही सगळी मोठ्यांची माहिती मला फार उशिरा मिळाली. गल्ल्यावर मी फक्त खुणा वेगळ्या काढत होते. चांदणीत पीठ भरलं की ती ठिपक्यासारखी दिसायची, मग ओल्या अंगठ्याने पुसून पुन्हा बघायचं. दळणाची रांग तोवर ताटकळत.

१९८५ साली सुट्ट्यांची एवढी मारामार होती की सरकारने नाणी बाहेर पाडून घेतली: रुपये ब्रिटनमधून, आठ आणे दक्षिण कोरियातून, चार आणे कॅनडातून. दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या हातावर ठेवत. गिरणीत गोळ्या कुठून आणायच्या? आप्पा वहीत 'चार आणे देणे' असं लिहून ठेवत, आणि लोक पुढच्या दळणाला ते न विसरता वळते करून घेत. त्याच दिवसांत एका रुपयावर सालाखाली इंग्रजी 'एच' दिसला. ठसा बिघडलाय असं समजून मी तो पुढच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा एच होता, हे समजलं तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. अल्बममधला तो कप्पा रिकामा आहे. बाजारात तसा रुपया सहज मिळतो, पण नियम.

दुसरं दुःख कमळाच्या वीस पैशांचं. १९६८ ते ७१ मधलं ते पिवळंधमक नाणं बायका लक्ष्मी म्हणून देवघरात ठेवत, त्यामुळे सुट्ट्या पैशांत येणं अवघडच. एकदा आलं. मी आनंदाने चिंच लावून खसाखसा घासलं. चकाकलं, पण कमळाच्या पाकळ्यांमधली जुनी काळपट छटा गेली आणि ते नाटकातल्या दागिन्यासारखं दिसायला लागलं. तेव्हापासून नाण्याला पाणीसुद्धा लावत नाही.

किमतीचं म्हणाल, तर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातच नाहीत. गेंड्याच्या नाण्याला लाख रुपये मिळतात असे निरोप मलाही येतात. पुढे पाठवू नका. 'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये सांगितलंय.

राहिला तो पांढरा मळ. गेंड्याच्या पोटाखाली, उठावाच्या कडेला घट्ट बसलाय. गिरणी बंद झाली त्या आठवड्यात ते नाणं गल्ल्यात आलं होतं. मळ नाही तो, ज्वारीचं पीठ आहे.