लव्हाळ्यात गुणसूत्रबिंदू शोधताना : नोंद ४

गुणसूत्रबिंदू म्हणजे गुणसूत्राची ती जागा, जिथे पेशी विभागताना त्याला ओढणारे तंतू चिकटतात. लव्हाळ्याआधी सराव म्हणून घेतलेल्या कांद्याच्या मुळांवर हात आता बसला. टोकं सकाळी कापायची, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्लात रात्रभर ठेवायची, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, मग ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा रंग), वर कव्हरस्लिप आणि अंगठ्याचा सरळ दाब. मागच्या खेपेला अंगठा तिरका सरकला आणि पेशींचा नुसता भुगा झाला.

यंदा मुळांचे दोन गट केले. एक 24 तास बर्फाच्या पाण्यात. गारठ्यात तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे हे धागे, विस्कटतात, गुणसूत्रं आखडून सुटी होतात. एका पेशीत 16 च्या 16 मोजता आली (एकदा 17 भरली होती, ते सोडा). बहुतेकांची कंबर, म्हणजे बिंदूची जागा, मध्यावर किंवा जरा बाजूला. खरी मजा न गारठवलेल्या गटात. पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या दोन टोकांकडे ओढली जाताना, कंबर पुढे आणि दोन्ही भुजा मागे फरफटत, इंग्रजी व्हीसारख्या.

गुणसूत्रबिंदू म्हणून वेगळं काही माझ्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. गुणसूत्र कुठे वाकतं त्यावरून त्याची जागा ओळखायची. म्हणूनच लव्हाळ्याच्या मागे लागलो. लव्हाळा नागरमोथ्याच्या कुळातला; त्या कुळात बिंदू एका जागी नसतोच, तुर्कतंतू गुणसूत्राच्या लांबीभर चिकटतात. फ्रांट्स श्रेडर यांनी 1935 साली पिठ्या ढेकणाच्या भाऊबंदांत असं वर्णन केलं होतं. अशा गुणसूत्राचा तुकडा पडला तरी तुकड्याला धरायला तंतू मिळतो. कांद्यात बिंदू नसलेला तुकडा मागेच राहून जातो. उलट टोकाला बेकरीचं यीस्ट: जेमतेम 125 बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) बिंदू आणि त्यावर एकच सूक्ष्मनलिका, म्हणजे तुर्कतंतू ज्यांचे बनतात त्यातली एक नळी.

तर लव्हाळ्यात गुणसूत्रं न वाकता, शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवीच सरकताना दिसायला हवीत. परसातल्या गाठी पाण्यात ठेवल्या, मुळं फुटली, सात स्लाइड केल्या. दिसले ते शंभरावर ठिपके. एकही वाकलेला नाही! उड्या मारणार होतो, मग कांद्याची स्लाइड त्याच भिंगाखाली धरली. एवढासा ठिपका वाकणार तरी कसा? बिंदू कुठेही असो, तो ठिपकाच दिसेल. सातही स्लाइड बाद.

पुढचा प्रयोग भेंडीवरच्या लाल ढेकण्यावर. त्याचाही बिंदू पसरलेला आणि गुणसूत्रं मोजकी. नराचं वृषण काढायला बारीक चिमटे आणलेत. आईला भेंडीवर फवारू नको म्हणून सांगितलंय, पण ती ऐकेलसं वाटत नाही.