तेल उसनं मिळत नाही, खांदा मिळतो

मत्तयाच्या 25व्या अध्यायातल्या दहा कुमारींवर प्रवचन झालं की सूर बहुधा एकच असतो: झोपू नका. पण पाचवं वचन सावकाश वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या, दहाही झोपल्या. शहाण्या पाच जणी टक्क जाग्या होत्या असं तिथे कुठेच नाही. फरक एवढाच, की त्यांनी दिव्याबरोबर कुपीत जास्तीचं तेल घेतलं होतं; बाकीच्या पाच जणींनी ऐनवेळी मागितलं तेव्हा ते उसनं मिळालं नाही. तेराव्या वचनातलं ‘जागृत राहा’ त्यानंतर येतं आणि म्हणून ते वेगळं ऐकू येतं. पहाटे पाणी भरून, लोकल गाठून रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे. तेल भरलेलं असेल तर झोपायला हरकत नाही.

दुसरा उतारा गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय. दुसऱ्या वचनात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. वाचणारा गोंधळतो, पण मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे एकट्याला न पेलणारं वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे प्रवाशाची आपली पिशवी. ‘माझं ओझं हलकं आहे’ असं येशू म्हणतो तिथेही हाच दुसरा शब्द आहे. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. गर्दीत पाठीवरची सॅक आपण पुढे घेतो, ती आपलीच असते. पण फलाटावर कुणी चक्कर येऊन पडलं की चार अनोळखी हात पुढे येतात.

आधी पिशवीबद्दल थोडक्यात. नव्या करारात 260 अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर 52 आठवड्यांत बरोबर 260 होतात आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. स्तोत्रं 150, रोज पाच धरली की महिन्यात संपतात. फक्त 119वं 176 वचनांचं आहे, त्याला वेगळा दिवस द्या, नाहीतर नेमाची गाडी तिथेच अडते. ‘सकाळी वेळच मिळत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक घरांत नळ असतो. पाणी साडेपाचला येत असेल तर नेम सव्वापाचला ठेवा, पाणी भरून झाल्यावर नको. एकदा बादल्या सुरू झाल्या की दिवस हातातून गेला.

पाठांतर मात्र सोडू नका. मोबाइलवर अख्खं बायबल असतं हे खरं, पण इस्पितळाच्या व्हरांड्यात रात्री दोन वाजता चष्मा घरी राहिलेला असतो आणि बॅटरी 4 टक्क्यांवर असते. 23वं स्तोत्र सहा वचनांचं, 121वं आठ वचनांचं. रोज एक वचन धरलं तर चौदा दिवसांचं काम. लहानपणी शब्बाथ शाळेत केलेलं पाठ अर्धवट आठवतं, तेवढ्यावर विसंबू नये. मोठ्यानं म्हणून पाहा, चौथ्या वचनाशी कोण कोण अडकतं ते लगेच कळेल.

पिशवीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे राहिलेला समेट. वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. आपल्याकडे ही आठवण प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी होते आणि तेव्हा भाऊ गावी असतो. मुंबईतल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांचं मूळ नगर, जालना, सोलापूर भागात आहे आणि कितीतरी अबोले तिथल्या जागेवरून आहेत. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असेल तर फोन आदल्या सोमवारी करावा. त्या फोनवर जागेचा विषय काढू नये. वाटणी वकिलाकडे, तब्येतीची विचारपूस फोनवर. हे काम चर्चचे पाळकसाहेब तुमच्या वतीनं करू शकत नाहीत, शेजारी तर नाहीच. उसनं न मिळणारं तेल ते हेच.

बाकीचं बरंचसं मात्र मिळतं, आधी मांडणी केली असेल तर.

गिरगाव-भायखळ्याच्या चाळींतली कुटुंबं कल्याण, विरार, नवी मुंबईपर्यंत पांगली. रविवारी बाकावर शेजारी बसणारा माणूस 40 किलोमीटरवर राहतो. त्यामुळे एकमेकांच्या मदतीला येणाऱ्या घरांचा गट करताना ओळख बघू नका, अंतर बघा: पायी दहा मिनिटांत पोचता येतील अशी दहा-तेरा घरं. त्यांत मेथडिस्ट येतील, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) येतील, समोरच्या दारातलं कॅथलिक कुटुंब येईल. 1970 साली नागपुरात सीएनआय झाली तेव्हा अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले, हा इतिहास खरा. चौथ्या मजल्यावरच्या तापाला तो माहीत नसतो. ना. वा. टिळकांनी 1917मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही होते.

घरसभा महिन्यातून दोनदा पुरे. दर आठवड्याची सभा उत्साहात सुरू होते आणि पहिल्या पावसातच बंद पडते. वेळ रात्री आठ, कारण साडेसातला निम्मी माणसं गाडीतच असतात. एकूण सव्वा तास: दोन गीतं, एक उतारा, त्यावर पंधरा मिनिटं बोलणं, मग प्रार्थना, मग चहा. सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत पलंगासकट पंधरा माणसं बसतात. खुर्च्या तीनच, गुडघे दुखणाऱ्यांसाठी, बाकी सतरंजी. पेटी चालेल, ढोलकी बोटांनी, माइक अजिबात नको. दार उघडं ठेवा. बंद दारामागे काय चाललंय याची शंका शेजाऱ्यांना येते. उघड्या दारातून फक्त गाणं ऐकू येतं आणि शेजारच्या काकू चहालाही येतात.

सभा मोडतात त्या खाण्यापायी. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी शिरा, तिसऱ्या घरी समोसे आणि वेफर्स, चौथ्या घरी बिर्याणी. पाचवं घर म्हणतं, आमच्याकडे जरा पाहुणे आहेत, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: चहा आणि एकच बिस्किट, भाऊसाहेबांकडेही तेच. हा नियम मोडणारा नेहमी प्रेमानंच मोडतो, तरी तो मोडू देऊ नये.

दुसरा रोग ‘प्रार्थनेचा विषय’. ‘अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय तुम्हाला माहीतच असेल’ ही प्रार्थनेची विनंती नाही, ती बातमी आहे. साधा दंडक असा, की ज्याचा विषय त्यानंच मांडायचा किंवा त्याला विचारून दुसऱ्यानं. आणि एकानं बारा मिनिटं प्रार्थना केली की बाकीचे मनातल्या मनात शेवटच्या गाडीचा हिशेब करू लागतात. आळीपाळीनं दोन-दोन वाक्यं म्हटली तर आजवर तोंड न उघडलेला माणूसही आमेनच्या आधी काहीतरी बोलतो.

निरोपाची साखळी कागदावर लिहून ठेवा. एक घर तिघांना फोन करतं, ते तिघं प्रत्येकी तिघांना. दोन फेऱ्यांत तेरा घरं होतात. व्हॉट्सअॅपचा गट असू दे, पण रात्री तीनला टाकलेला संदेश सकाळी सातला वाचला जातो आणि खाली हात जोडलेली चित्रं येतात. त्याच कागदावर कोण एकटं राहतं, कुणाकडे ऑक्सिजनचं यंत्र किंवा चाकाची खुर्ची आहे, कुणाच्या मुलांची शाळा कुठे, हेही हवं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि फोनही बंद पडले. अशा दिवशी कागदावरचा पत्ता असेल तर चालत जाता येतं.

आजारपणात ‘पाळक आलेच नाहीत’ हा रुसवा जुना आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायातला क्रम मात्र उलटा आहे: आजाऱ्यानं मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावं, मग त्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी. कळवणं हे घरच्यांचं काम. कळवलं की पहिल्या दिवशी वीस माणसं येतात आणि सहाव्या दिवशी कुणीच नसतं. त्यावर तक्ता हाच उपाय. डबा कुणाचा, कोणत्या वेळेचा, त्यात काय, हे लिहा, नाहीतर तीन दिवस मुगाची खिचडीच येते. मीठ-तेलाचं पथ्य वर मोठ्या अक्षरांत लिहा. रात्रीचं बसणं वेगळं मांडा. सरकारी इस्पितळात बायकांच्या वॉर्डात रात्री सहसा बाईमाणूसच बसू देतात, तेव्हा तक्त्यात सगळे पुरुष असून भागत नाही. बसणाऱ्याच्या पिशवीत चार्जर, शाल, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि आजाऱ्याच्या आधार कार्डाच्या चार झेरॉक्स असाव्यात. खाटेजवळची प्रार्थना दोन मिनिटांची, हळू आवाजात, विचारून. शेजारच्या खाटेवरचाही आजारीच आहे.

या सगळ्यासाठी पैसे लागतात. दर घरामागे आठवड्याला 50 रुपये धरले तर तेरा घरांचे वर्षाला 33,800 होतात. मिझोरमच्या मंडळ्यांत बाया प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर केवढी तरी कामं चालतात. हाही तोच प्रकार, फक्त तांदळाऐवजी नोट. हा निधी टॅक्सी, औषधं, अनामत रक्कम यांसाठीच. उसनवारी सुरू झाली की संपला, कारण घेणारा परत करू शकला नाही तर सभेलाच येणं सोडतो. वहीवर दोघांच्या सह्या हव्यात आणि कुणाला किती दिले हे सभेत वाचून दाखवू नये. खर्चाचा एकूण आकडा सांगितला की हिशेब पुरा झाला.

आता ज्या रात्रीबद्दल कुणी बोलत नाही ती. घरात मृत्यू झाला तर पहिला फोन डॉक्टरांना. आधीपासून उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. घरच्या मृत्यूला तो नमुना 4-अ, इस्पितळात नमुना 4. माणसाला अलीकडे कुणीच तपासलेलं नसेल तर डॉक्टर दाखला देत नाहीत, मग पोलीस आणि शवविच्छेदन टळणं कठीण. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दर काही महिन्यांनी जवळच्या डॉक्टरांना दाखवून ठेवावं, नुसतं बरं वाटतंय म्हणून टाळू नये. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत; तोवर पंखा बंद आणि डोळ्यांवर ओला कापूस. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, आणि इथे आपल्या लोकांचा घोळ ठरलेला: आधारवर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं. पाटीवर नि शोकपत्रात काय हवं ते लिहा, नोंदीत मात्र आधारवरचंच, अक्षर न् अक्षर. नंतर बँकेत वर्षभर फेऱ्या मारण्यापेक्षा हे सोपं.

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हे सगळं एकत्र ठेवा: आधारची प्रत, डॉक्टर, पाळक आणि अंडरटेकर यांचे नंबर, मंडळीच्या सभासदत्वाचा कागद, कुटुंबाची कबर असेल तर तिची पावती. मुंबईत दफनभूमीत जागेची टंचाई आहे. जुनी कबर पुन्हा उघडायची तर आधीच्या दफनाला किती वर्षं झाली आणि हक्क कुणाच्या नावावर आहे, हे कार्यालय विचारतंच. आवडती दोन गीतंही त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. फोल्डर कुठे आहे हे शेजारच्या एका घराला माहीत असावं, कारण त्या क्षणी घरच्यांना कपाटाची किल्लीसुद्धा आठवत नाही.

शवपेटी लिफ्टमध्ये मावत नाही. चाळीच्या जिन्याच्या वळणावर ती आडवी फिरत नाही. तेव्हा पार्थिव चादरीत किंवा स्ट्रेचरवर खाली आणून तळमजल्यावर पेटीत ठेवायचं, आणि त्यासाठी सहा धडधाकट माणसं वर, दोन खाली, एक जण जिन्यातल्या सायकली नि चपलांचे स्टँड हलवायला. या नऊ जणांची नावं आधी ठरलेली असली की घरच्या मुलाला बापाच्या उशाशी बसून राहता येतं.

दफन झालं, तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, की पुण्या-नगरचे नातेवाईक परततात आणि घर शांत होतं. गटाची वही तेव्हा उघडायची. दुसऱ्या आठवड्यात एक भेट, चाळिसाव्या दिवशी एक, मग वाढदिवस, मग पहिला नाताळ. भेटीला जाताना ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. ‘शनिवारी बँकेत जाताना मी बरोबर येते’ असं म्हणा. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट त्या घरी पाठवायचंच, त्यांनी या वर्षी काही केलेलं नसतं. आणि नाताळची गाणी म्हणत फिरणारी मंडळी त्या दारात जाऊ का नको, यावर दरवर्षी जिन्यात कुजबुज होते. आदल्या दिवशी एकट्यानं जाऊन विचारावं. नको म्हणाले तर पुढच्या मजल्यावर जायचं. या म्हणाले तर एकच गीत, संथ चालीतलं, आणि ढोलकी खालच्या पायरीवर ठेवून वर जायचं.