क्रँक चांगला निघाला आणि मी फसलो

स्टार्टर दाबला की आमच्या बोटीचं इंजिन आधी उचकी लागल्यासारखं करायचं, मग निळा धूर सोडायचं आणि मग कुठे सुरू व्हायचं. त्या सकाळी नुसतं ‘टक्’ झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. धाकटा म्हणाला, बॅटरी बसली. मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत, अडलंय ते आत.

तिसऱ्यांदा दाबलं नाही हे नशीब. डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढले, क्रँकच्या (पिस्टनांची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा) पुलीला पाना लावून हातानं फिरवलं. अर्ध्या फेऱ्यातच तिसऱ्या सिलिंडरमधून पिचकारी उडाली ती थेट समोरच्या फळीवर. बोट लावून चाखून पाहिलं. खारट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टरनं जोर करून फिरवलंच असतं तर पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला असता आणि पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

इंजिन १९८४ सालचं, तीन सिलिंडरचं, ३० हॉर्सपॉवरचं डिझेल. आम्ही दोघा भावांनी बोट जुनी घेतली तेव्हाच ते म्हातारं होतं. तासांचं मीटर आमच्या आधीच बंद पडलेलं, त्यामुळे एकूण किती चाललंय ते देवाला ठाऊक. गेली दोन वर्षं दर दहा तासांना अर्धा लिटर तेल पीत होतं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीला हात लावला की तळवा तेलकट व्हायचा. धाकटा कधीपासून म्हणत होता, “दादा, पुरे झालं, नवीन बसवू.” आणि मी म्हणत होतो, मोजल्याशिवाय काही ठरवायचं नाही. सव्वीस वर्षं मशीन शॉपच्या तपासणी खोलीत काढली आहेत मी. मायक्रोमीटर हातात घेतल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. धाकट्याच्या भाषेत हा ‘दादाचा आजार’.

पाणी काढलं, तेल बदललं आणि त्याच दिवशी इंजिन चालवून चांगलं गरम केलं. खारं पाणी आत एक रात्र जरी राहिलं तरी पिस्टनवरच्या रिंगा गंजून चिकटतात. मग गरम इंजिनावरच कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती चढतो ते, मोजलं. पहिला २७ बार, दुसरा २६, तिसरा १९. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास फरक चालून जातो, इथे तर दरीच होती. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, २४ आला. तेलानं आकडा चढला म्हणजे गळती रिंगा आणि लायनरमधून (सिलिंडरची आतली भिंत) आहे. चढला नसता तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघावं लागलं असतं. (चमचाभर म्हणजे चमचाभरच. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की हात सैल सोडलात तर पाण्याऐवजी तेलानं तोच ‘टक्’.)

पण पाणी आलं कुठून? एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकडा तुकडा, काढला. याच तुकड्यात गरम धूर आणि इंजिन गार करून आलेलं समुद्राचं पाणी एकत्र होतं, आणि म्हणून बोटीवर सगळ्यात आधी सडतो तोही हाच. धुराच्या बाजूनं काजळीचा थर इतका चढला होता की भोकातून जेमतेम पेन्सिल गेली असती. दुसऱ्या बाजूनं आतली भिंत गंजून आरपार झाली होती. इंजिन बंद केलं की उरलेलं पाणी मागे झिरपून उघड्या व्हॉल्व्हमधून तिसऱ्या सिलिंडरमध्ये उतरायचं. सुरू करताना दोन मिनिटं पांढरा धूर येतो, तो थंडीमुळे, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होतो. एल्बो वेळेवर बदलला असता तर तिसरा सिलिंडर अजून काही वर्षं चालला असता. ही चूक इंजिनाची नाही, माझी.

इंजिन उघडायचं तर आता ठरलंच होतं. चेन ब्लॉक लावला, अल्टरनेटर, स्टार्टर, मॅनिफोल्ड उतरवलं, तरी झाकणाच्या चौकटीतून काही निघेना. चौकटीची एक पट्टी तासली तेव्हा निघालं. बोट बांधणाऱ्यानं इंजिन आधी ठेवून वर डेक ठोकलं असणार याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

पुढचे चार दिवस माझे होते. क्रँक वर्कबेंचवर ठेवला, प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी, तीन जागी मोजला. लंबवर्तुळाकार झीज कुठेच ०.०२ मिलिमीटरच्या वर नाही. चाळीस वर्षांच्या क्रँकला हे शोभून दिसतं. नुसतं पॉलिश आणि नव्या बेअरिंगा, बस. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाला, डायल लावला. पहिल्या दोन सिलिंडरांत वर-खाली ०.१४ चा उतार, तिसऱ्यात पाणी साचायचं तिथे गंजाची रेघ आणि खड्डे. ०.५० ओव्हरसाइजला, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, बोअर मारला की तिन्ही साफ होत होते आणि त्या मापाचे पिस्टन मिळत होते. बांधणीचा हिशेब नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या आत बसत होता. मी खूश. पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, सगळी ऑर्डर देऊन टाकली.

आमचे मिस्त्री काका त्या दिवसांत एकदा येऊन गेले. माझी वही बघितली, मान डोलावली आणि म्हणाले, “भाऊ, क्रँकचं कौतुक मागाहून करा. आधी ब्लॉकचं पोट बघा.” मी हो म्हणालो आणि बघितलं नाही. कारण पोट मोजायला माझ्याकडे हत्यार नव्हतं, आणि जे मोजता येत नाही ते बाजूला सारायची खोड सव्वीस वर्षांत पक्की झालेली.

काकांच्या बोलण्यामागचं कारण सांगतो. गाडीच्या इंजिनात कूलंट तेच तेच फिरतं. बोटीच्या बऱ्याच इंजिनांत तशी सोय असते. हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी बाहेरून कूलंट गार करतं, ब्लॉकला मीठ शिवत नाही. आमचं त्यातलं नव्हतं. समुद्राचं पाणी पंपातून थेट ब्लॉकच्या पोटात, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांत, तिथून हेडमध्ये आणि मग एल्बोतून बाहेर. अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, कारण त्यापेक्षा फार गरम झालं तर क्षार भिंतींवर जमू लागतात. म्हणजे एकीकडे इंजिन कधी नीट गरमच होत नाही, तेलातली वाफ तेलातच राहते, आणि दुसरीकडे खारं पाणी चाळीस वर्षं बिडाच्या भिंती आतून खात बसतं. बाहेरून रंग मारला की त्यातलं काही दिसत नाही.

ब्लॉक बोअरिंगला द्यायच्या आदल्या दिवशी, जाता जाता, बाजूची कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीचं बूच) काढली. आतून गंजाचे पापुद्रे निघू लागले. नखांएवढे नाही, बिस्किटांएवढे. वाकवलेल्या सळीनं ओढत गेलो आणि दोन मग भरले. मग मात्र काकांना बोलावलं. पाण्याची सगळी तोंडं पत्र्यानं आणि रबरानं बंद केली, हातपंपानं ३ बारपर्यंत पाणी चढवलं आणि चहा प्यायला बसलो. काटा हळूच २.६ वर आला. तिसऱ्या सिलिंडरच्या बोअरमध्ये टॉर्च मारला. वरच्या एक तृतीयांश भागात, हेडच्या एका बोल्टाच्या रेषेत, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. पुसला. मिनिटभरात परत आला.

एका भोकावर उपाय असतो. लायनर ठोकता येतो, बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर मेटल स्टिचिंगनं शिवता येतो. पण जुन्या कंपनीतून अल्ट्रासॉनिक जाडीमापक मागून आणला आणि बाहेरची भिंत पंधरा ठिकाणी मोजली. वर, जिथे पाणी पोचतच नव्हतं, तिथे ६.५ मिलिमीटर. खाली ४, ३.५, आणि कोअर प्लगच्या शेजारी २.३. म्हणजे आज इथे शिवायचं, पुढच्या वर्षी तिथे. तो उत्कृष्ट क्रँक मी सडक्या भांड्यात ठेवणार होतो. फिरणारे भाग बदलता येतात, न फिरणारा एकच असतो, आणि मी नेमका तोच शेवटी तपासला. पिस्टन दुकानदारानं परत घेतले नाहीत. खोक्यात आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

धाकट्याला फोन केला. वाटलं होतं आता ऐकून घ्यावं लागणार. तो एवढंच म्हणाला, “किती हॉर्सपॉवरचं घेऊया?”

त्याच्या मनात ५०. मी कागद काढला. आमची बोट पाण्याला टेकते ती लांबी २५ फूट. वजनदार, पाणी बाजूला सारत जाणारी बोट स्वतः उठवलेल्या लाटेच्या पुढे सहसा जाऊ शकत नाही, आणि ती मर्यादा नॉटमध्ये (तासाला किती सागरी मैल) साधारण फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाच्या १.३४ पट. विल्यम फ्रूडनं १८७० च्या दशकात टाकीत बोटींच्या प्रतिकृती ओढून हा लाटांचा हिशेब मांडला. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे ६.७ नॉट. जुनं ३० चं इंजिन आम्हाला ६.२ देत होतं. वरच्या वीस घोड्यांनी अर्धा नॉट मिळाला असता आणि मागे एक भली थोरली लाट. ३० चंच घेतलं, हीट एक्स्चेंजरवालं. जुनं पण ‘चालू’ इंजिन घ्यायचा विचार पाचच मिनिटं केला. त्याच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार?

नवीन इंजिनाची किंमत ठरलेली असते, बसवायची नसते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. जुन्याचे पाय ४२० मिलिमीटर रुंदीवर, नव्याचे ३८६ वर, म्हणून बेडवर लोखंडी अँगल आले. एक्झॉस्टचा पाइप ४५ मिलिमीटरचा होता, नव्याला ५१ चा लागतो, म्हणून मागच्या फळीतलं भोक वाढवावं लागलं. नव्याला डिझेलची परतीची नळी स्वतंत्र टाकीपर्यंत हवी. गिअरबॉक्स उलट्या दिशेनं फिरणारा निघाला, तेव्हा बोट ढकलणारा चांगला पितळी पंखा (प्रोपेलर) बाद. इंजिन जुन्यापेक्षा ६० किलोनं हलकं, त्यामुळे बोट मागून दोन बोटं वर आली.

नव्या पंख्यानं पहिल्या फेरीत घोळ घातला. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ३६०० फेरे यायला हवेत, ते ३१०० वर अडले आणि मागे काळा धूर. म्हणजे पंखा इंजिनाला जड. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरायला हवा ते अंतर, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, या हिशेबानं दोन इंच कमी करून घेतला. आता ३५०० येतात. उरलेले शंभर मी सोडून दिले.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं, मात्र सोडलं नाही. बोट जमिनीवर असताना त्या दोघांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून चारी बाजूंनी ०.०५ आणलं होतं. १०० मिलिमीटरच्या चकतीला ०.१० पर्यंत चालतं. धाकटा म्हणाला, झालं तर मग, बोल्ट आवळ. काका म्हणाले, पाण्यात जाऊ द्या, एक रात्र बसू द्या. दुसऱ्या दिवशी खाली वाकून गेज घातला तर वर ०.०५ आणि खाली ०.३०. पाण्यावर तरंगली की बोट आपला आकार बदलते. पुढच्या माउंटिंगचे नट पाव-पाव फेरा फिरवत अडीच तास गेले. या वेळी काकांनी सांगितलेलं पहिल्या झटक्यात ऐकलं, याची धाकट्यानं जाहीर नोंद घेतली.

तासांचं मीटर आज ४६ दाखवतंय. ५० ला पहिलं तेल बदलायचं, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघायचं आणि कपलिंग पुन्हा एकदा सोडून मोजायचं. रविवारी भरती सकाळची आहे.