चिंध्या आणि धावदोरा

मंगळवार, रात्र

आज पुन्हा फुस्तातच्या चिंध्या बघत बसले. फुस्तात म्हणजे जुनं कैरो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात तिथल्यासारख्या छापील सुती कापडाचे बाराशेहून जास्त तुकडे आहेत, पर्सी न्यूबेरीने इजिप्तमध्ये जमवलेले. कापड बहुतेक गुजरातचं. रंग धरून ठेवायला लाल हवा तिथे तुरटी लावायची, काळा हवा तिथे लोखंडाचं पाणी, मग कापड रंगाच्या भांड्यात. शतकं उलटली तरी लाल अजून लालच.

कॉलेजात शिकले ती इस्लामी कला म्हणजे लस्टरची, धातूसारखी चकाकणारी ताटं, मशिदीतले काचेचे दिवे, सुलतानाचं नाव कोरलेली पितळी भांडी. कापडाचा विषय निघालाच तर तिराझ, म्हणजे अक्षरांची पट्टी असलेलं कापड, कारण त्यावर खलिफाचं नाव असायचं. ज्याच्यावर नाव त्यालाच मान! या तुकड्यांवर कुणाचंच नाव नाही.

१९३८ साली फिस्टर या कापडाच्या अभ्यासकाने नक्षी जुळवून त्यांचं हिंदुस्थानशी नातं दाखवलं. काळ मात्र नक्षीवरूनच ठरवायचा, कारण माल दलालांकडून आलेला. जमिनीच्या कुठल्या थरात सापडला ते कोण लिहून ठेवणार? पुढे लाल समुद्रावरच्या कुसैर अल-कदीम बंदरात थर राखून खोदकाम झालं आणि तिथेही असंच कापड निघालं. ऑक्सफर्डच्या तुकड्यांची कार्बन चाचणी झाली, तेव्हा काही थेट दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे गेले. म्हणजे व्यापार समजत होतो त्याहून जुना.

मला खरी गोडी लागलीय ती उलट्या बाजूची. आता अभ्यासक शिवण बघतात, दुमड बघतात, ठिगळ बघतात. पूर्वी हे ‘खराब झालेलं’ म्हणून सोडून द्यायचे. फुस्तातच्याच बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या जुन्या कागदांत ज्यू नवऱ्या मुलींच्या रुखवताच्या याद्या आहेत, एकेका कपड्यापुढे दिनारात किंमत. त्या याद्या वाचून या चिंध्यांकडे पाहिलं की अंगावरचं माप डोळ्यांसमोर येतं.

एका तुकड्याचा फोटो आईला पाठवला. नक्षीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. उत्तर आलं, “धावदोरा आहे. घाईत घातलाय. शिंप्याचं काम नव्हे, घरचं आहे.”