आमची वाटचाल : परिचय पुस्तिकेकडून प्रत्यक्ष भेटीकडे

पुण्यात वधू-वर सूचक मंडळांची परंपरा जुनी आहे आणि आमच्या कार्यालयाची सुरुवातही त्याच चाकोरीत झाली. नोंदणीचा अर्ज, फोटो, पत्रिकेची प्रत आणि मंगल कार्यालयात भरणारा परिचय मेळावा असे कामाचे स्वरूप होते. मेळाव्यात मुलामुलींनी व्यासपीठावर येऊन माईकवर शिक्षण, नोकरी व अपेक्षा सांगायच्या आणि पालकांनी समोर बसून पुस्तिकेत खुणा करायच्या. पुढे विवाहविषयक संकेतस्थळे आली, 2012 मध्ये अमेरिकेत टिंडर हे जोडीदार शोधण्याचे अॅप सुरू झाले, 2018 च्या डिसेंबरात तसेच बंबल हे अॅप भारतात आले, आणि नोंदणीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या रोडावत गेली.

हीच मंडळी काही वर्षांनी परत येऊ लागली. बहुतेक जण तिशीतले, हिंजवडी-खराडीकडे नोकरी करणारे, मूळचे लातूर, जळगाव किंवा कोल्हापूरकडचे, म्हणजे पुण्यात नातेवाइकांचे जाळे नसलेले. त्यांचे म्हणणे साधारण सारखेच असे : अॅपवर आठवडेच्या आठवडे गप्पा होतात, भेट मात्र ठरत नाही, मुलांना उत्तरे येत नाहीत आणि मुलींकडे इतके निरोप येतात, की त्यांतला खरा माणूस ओळखणे कठीण होते. समोरची व्यक्ती आपले बोलणे मध्येच तोडते का, चहा आणून देणाऱ्याशी ती कशी वागते, हे प्रोफाइलवरून कळत नाही. प्रत्यक्ष भेटीत ते थोड्याच वेळात लक्षात येते.

म्हणून आम्ही मेळाव्याची मांडणी बदलली. ठरावीक मिनिटांच्या आळीपाळीने भेटी घडवण्याची पद्धत 1998 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात याकोव्ह डेयो या ज्यू धर्मगुरूंनी, समाजातील अविवाहितांच्या गाठी पडाव्यात म्हणून, सुरू केली होती. तिचे मूळ आमच्यासारख्याच कामात असल्याने ती आम्हाला परकी वाटली नाही. आता व्यासपीठ नाही, माईक नाही आणि पालकही नाहीत. पालकांना बाहेर ठेवण्याचा निर्णय अनेकांना रुचला नाही. पण आई शेजारी बसलेली असताना पगार आणि घर याच विषयांवर बोलणे अडकते, असा आमचा अनुभव असल्याने तो आम्ही बदलला नाही.

कामातील खरी मेहनत कार्यक्रमाच्या आधी असते. ओळखपत्र तपासल्याशिवाय कोणालाही प्रवेश नसतो आणि घटस्फोटितांकडून न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत घेतली जाते. मुलांची नोंदणी भराभर होते. म्हणून मुलींच्या जागा आधी भरून मगच तितक्याच मुलांना बोलावतो, मग शुल्क बुडाले तरी चालेल. शेवटी प्रत्येकाने पसंतीची चिठ्ठी आमच्याकडे द्यायची आणि दोन्ही बाजूंनी होकार असेल तरच दूरध्वनी क्रमांक कळवायचे, असा नियम आहे. त्यामुळे नकार कोणालाही तोंडावर द्यावा लागत नाही. माझ्या मते मुली मैत्रिणींना सोबत घेऊन पुन्हा येतात, त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

चाळिशीपुढील विधवा, विधुर आणि घटस्फोटित यांच्यासाठी आता स्वतंत्र भेटी सुरू केल्या आहेत. मुलांची शाळा, वृद्ध आईवडील, स्वतःचे घर सोडावे लागेल का, असे त्यांचे प्रश्न वेगळे आणि वेळ घेणारे असतात. म्हणून तेथे माणसे कमी आणि प्रत्येक भेटीची मिनिटे जास्त ठेवली आहेत.